क्रमांक चौतीस, किमान वीस मिनिटं

१७ ऑगस्ट. क्रमांक १. सल्ला.

पाकीट मी सायकलच्या स्पोकने उघडलं. वैजयंती आंघोळीला गेली होती. शॉवरचा आवाज थांबायच्या आत वाचून, घडी घालून पुन्हा चिकटवायचं होतं.

"शिरीष, टॉवेल बाहेर राहिला रे."

"आणतो."

दाराच्या फटीतून टॉवेल आत दिला तेव्हा बिल माझ्या काखेत होतं.

आमच्या घरी डॉक्टरांची बिलं फक्त तिच्या नावाने यायची. जर्मनीत आरोग्यविम्याच्या दोन जाती आहेत, आपली माणसं त्यांना पब्लिक आणि प्रायव्हेट म्हणतात. मी पब्लिक. कार्ड दाखवायचं, डॉक्टरने तपासायचं, पुढचं ते आणि विमावाले आपसांत बघून घेतात. वैजयंती प्रायव्हेट. पगार एका रेषेच्या वर गेला की तिकडे जाता येतं. शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत ती डिझाइन इंजिनिअर होती, तिचा केव्हाच गेला होता. मी तिच्यामागून म्युन्स्टरला आलो आणि सायकलींच्या दुकानात लागलो. वडिलांचं जयसिंगपूरला सायकलचंच दुकान. "पंक्चरच काढायचे होते तर विमानात कशाला बसलास?" असं आई विचारायची.

मला त्वचेच्या डॉक्टरची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळायची. वैजयंतीला फोनवर म्हणायचे, "गुरुवारी जमेल का, फ्राउ गुळवणी?" मला कोणी कधी जमेल का म्हणून विचारलं नाही.

तर बिल. प्रायव्हेट पेशंटला डॉक्टर घरी बिल पाठवतो आणि त्यात काय काय केलं ते ओळीओळीने लिहितो. प्रत्येक ओळीला सरकारने ठरवलेला क्रमांक. वेळेची अट असेल तर किमान किती मिनिटं, तेही. माझ्या अंगाचं कोणी काय केलं हे मला आयुष्यात कधी वाचायला मिळालं नाही. तिचं मिळत होतं.

या बिलात एकच ओळ होती. वर नाव: डॉ. हेनिंग फाल्क, मज्जातंतूंचे विकार. ती म्हणाली होती, अर्धशिशी आहे, दाखवून येते. खाली हिरव्या शाईत सही, लांब शेपटीची.

पंक्चरच्या सोल्युशनचा एक थेंब कडेला लावला, अंगठ्याने दाबला. शॉवर थांबला.


२ सप्टेंबर. क्रमांक ३. सविस्तर सल्ला, किमान १० मिनिटं. वाढीव दराने. कारण: नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ.

नेहमीपेक्षा. कोणाच्या नेहमीपेक्षा?

"कसा आहे तुझा डॉक्टर?" मी जेवताना विचारलं.

"बरा आहे."

"बरा म्हणजे?"

"ऐकून घेतो."

"आणि मी काय करतो?"

"तू मध्ये बोलतोस."

"मी कुठे मध्ये—"

"हे बघ."

ती हसली, मीही हसलो. पण त्या आठवड्यात मी रोज जेवताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. आमचं बोलणं सोमवारी सात मिनिटं झालं. मंगळवारी चार, त्यातलं एक मीठ कमी आहे यावर. बुधवारी तिला बरं नव्हतं.

शनिवारी ती दुकानात सायकल घेऊन आली. "डावा ब्रेक फार कडक झालाय. जरा सैल करून दे ना."

"मागच्या महिन्यात तर बदललाय."

"मग कडकच बदललास."

मी स्प्रिंग मऊ घातली, केबल सोडली. ती दाबून म्हणाली, "अजून." अजून सोडली. "अजून, शिरीष." शेवटी करंगळीने दाबला तरी चाक थांबेल इतका सैल केला.

"महाराणींचा ब्रेक तयार आहे," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग गालाला हात लावून गेली, दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. एवढं काय झालं मला कळेना. डॉक्टरकडून आलेल्या बाईचा हा उमाळा आहे असं मनात आलं, आणि तो गाल दिवसभर मला माझा वाटला नाही.


२४ सप्टेंबर. क्रमांक ३४. चर्चा, किमान २० मिनिटं.

सल्ला नाही. चर्चा.

अर्धशिशीवर चर्चा कसली करायची? डोकं दुखतं, गोळी घ्या, अंधारात पडा. फार तर चहा कमी करा. दीड मिनिट. उरलेली साडेअठरा मिनिटं तो हिरव्या सहीचा माणूस आणि माझी बायको दार लावून कशावर बोलत होते?

त्या दिवशी ती संध्याकाळी सायकल हातात धरून चालत आली होती. गाल लाल. जेवली नाही.

"चालत का आलीस?"

"हवा छान होती."

त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता.

हे पाकीट चिकटवताना सोल्युशन जास्त लागलं.


१ ऑक्टोबर. बिल नाही.

मंदीचं वर्ष होतं. कंपनीने तिचा विभागच बंद केला. तीस सप्टेंबर शेवटचा दिवस, एक तारखेपासून बेकारभत्ता. सकाळी ती रोजगार कार्यालयातून आली ती कागदांचा गठ्ठा घेऊनच.

जेवताना मी म्हटलं, "एक बरं झालं. भत्ता सुरू झाला की आपोआप पब्लिक होतेस. काहीच करायला नको."

"काहीतरी करायचं असेल तर तीन महिने आहेत. पब्लिक नको म्हणून अर्ज द्यायचा. आधीची पाच वर्षं प्रायव्हेटमध्ये काढलेली असली की सूट मिळते. माझी सहा झाली."

"ती सूट मागे घेता येत नाही. मी वाचलंय. नोकरी लागेपर्यंत अडकशील."

"अडकू दे."

"अगं, पण कशासाठी? माझं काय वाईट चाललंय पब्लिकमध्ये?"

"एकदा प्रायव्हेटमधून बाहेर पडले की ते मला परत घेणार नाहीत, शिरीष. घेताना प्रश्न विचारतात."

"कसले प्रश्न? तू काय म्हातारी आहेस का?"

तिने मान वर केली. पुन्हा तशीच बघत राहिली, दुकानात बघितलं तशी. डोळ्यांत पाणी आलं का काय कोण जाणे. मग म्हणाली, "आणि डॉक्टर फाल्क फक्त प्रायव्हेट पेशंट घेतात."

"म्हणजे डॉक्टरसाठी."

"हो. डॉक्टरसाठी."

इतकं सरळ. लाजणं नाही, सारवासारव नाही. मी मीठ घ्यायला उठलो आणि स्वयंपाकघरात नुसता उभा राहिलो.


दिवाळी. बिल नाही.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती, तिने सोऱ्याला मला कधी हात लावू दिला नव्हता. तिच्या आजीचा पितळी, वरचा दांडा फिरवायचा. "तू पाडशील त्या चकल्या नसतील, अक्षरं असतील," म्हणायची. त्या वर्षी तिने तो माझ्या हातात दिला.

"तू फिरव. मी तळते."

"सूर्य कुठे उगवला आज?"

"फिरव रे."

मी चाळीस चकल्या पाडल्या. काटे सुरेख आले. संध्याकाळी बघतो तर तिने त्यातल्या बारा एका डब्यात भरलेल्या, वर कागद, कागदावर जर्मनमध्ये 'सावकाश चावून खा' असं काहीतरी.

"हे कोणाला?"

"डॉक्टरांना. त्यांच्या मदतनीस बाईंनाही."

चकल्या पाडल्या मी, खाणार तो. मी एक उचलून खाल्ली. मग दुसरी.

"मोजून ठेवल्यात," ती म्हणाली.

"माहितेय. म्हणूनच खातोय."


१९ नोव्हेंबर. क्रमांक ३४. चर्चा, किमान २० मिनिटं.

हे बिल यायच्या आधीच मी बघितलं होतं. म्हणजे गेलोच होतो बघायला. जुन्या वस्तीत, तीन पायऱ्यांचा दवाखाना, समोर बेकरी. बेकरीत उभं राहून मी एक कॉफी चाळीस मिनिटं प्यालो.

दार उघडलं. तो स्वतः बाहेर आला होता. उंच, पांढरे केस, घरातला असावा तसा स्वेटर. वैजयंतीचा डावा दंड त्याच्या हातात होता. पहिली पायरी. थांबले. तो काहीतरी बोलला. दुसरी पायरी. तिने मान हलवली. तिसरी. मग त्याने हात सोडला, पण लगेच नाही.

पुढे काय झालं मला दिसलं नाही, कारण मी बेकरीच्या काउंटरखाली वाकून बुटाची नाडी बांधत होतो.


रविवार. बिल नाही.

रविवारी स्काइपवर आई. हा नेम मी इथे आल्यापासून मोडला नव्हता. आठवड्यात जे झालं ते सगळं आईला सांगायचं, काय शिजलं इथपासून. वैजयंती म्हणायची, तुझ्या पोटात काही राहत नाही, आईंच्या पोटात तर त्याहून नाही.

"शिऱ्या, रेवतीच्या लग्नाची तारीख धरली बघ. माघात, सोळा फेब्रुवारी."

रेवती वैजयंतीची धाकटी बहीण. सोयरीक आईने जमवलेली, तिच्या कुरुंदवाडच्या मावसबहिणीच्या मुलाशी.

"वैजयंती कुठाय? मागे दिसेना. बारीक झाल्यासारखी वाटली गेल्या वेळी."

"नोकरी गेली ना, आई. काळजी करते."

"तेवढंच ना? नाही, मावशी विचारत होती. थोरलीला अकरा वर्षं मूलबाळ नाही, काही दुखणंबिखणं आहे का घराण्यात म्हणून. मी म्हटलं, माझी सून आहे ती, खडखडीत आहे. माझ्या शब्दावर पोरगी घेतायत ती लोकं."

वैजयंती दारात उभी होती, कॅमेऱ्याच्या बाहेर. हाताने खूण केली: मी नाही म्हणून सांग.

"झोपलीय," मी म्हणालो.

"दुपारची?"

"डोकं दुखतंय."

वैजयंतीने दारातून हात जोडले, हसून. माझं खोटं तिला इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. डॉक्टरच्या नादात माझ्या आईशी बोलायचंही सुचत नाही हिला, मी मनात म्हटलं.


१८ डिसेंबर. पाकीट. बिल नाही.

बर्फ पडून गोठला होता. तिचा पाय मुरगळलाय असं ती म्हणत होती, भिंत धरून चालत होती. मला एक पाकीट दिलं, बंद न केलेलं. आत सूट मागण्याचा अर्ज, सहा वर्षांच्या विम्याचं पत्र, आणि अर्जाची दुसरी प्रत.

"तुझ्या दुकानाच्या वाटेवर पब्लिकवाल्यांचं ऑफिस आहे. टपालात टाकू नकोस. हातात दे, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून आण. आपल्याकडे पोच घेतात तशी."

"इथे कोणी पोच घेत नाही."

"मी घेते. एकतीसच्या आत पोचायला हवं, आणि एकतीसला ते बंद. आजच दे."

"देतो."

मी पाकीट दुकानात नेलं आणि मागच्या फळीवर, अठ्ठावीस इंची ट्यूबच्या खोक्यात ठेवलं. ट्यूबा वर रचल्या.

मला काही करायचं नव्हतं. फक्त काही करायचं नव्हतं. एकतीस तारीख गेली की ती आपोआप पब्लिक. मग तिलाही तीन महिन्यांनी तारीख. मग हिरव्या शाईची सही नाही, पायऱ्या नाहीत, चकल्या चाळीसच्या चाळीस घरात.

"दिलंस?" संध्याकाळी तिने विचारलं.

"दिलं."

"पोच?"

"दुकानात राहिली."

"आण आठवणीने."

असं तिने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. नाताळ आला, दुकान बंद झालं, खोकं आत.


३० डिसेंबर. सकाळी दहा.

मला त्याला सांगायचं होतं. एवढंच हवं होतं: समोर उभं राहून सांगायचं की डॉक्टरसाहेब, माझी बायको एक तारखेपासून येणार नाही. दुकान उघडून पाकीट घेतलं, त्याला दाखवायला. माझी सायकल खोलून पडली होती. तिची कोपऱ्यात उभी होती, ती घेतली.

दवाखान्यात मदतनीस बाई एकट्याच होत्या, फ्राउ टेरहार, फायली लावत बसलेल्या. डॉक्टर सहा जानेवारीपर्यंत सुट्टीवर.

"अपॉइंटमेंट हवी आहे का?"

"नाही. मी गुळवणी."

"अच्छा!" बाईंचा चेहरा उजळला. "चकल्या!"

मला एवढं पुरलं. खिशातून नोव्हेंबरचं बिल काढून मी टेबलावर ठेवलं, चौतीस नंबरवर बोट. "हे काय आहे? वीस मिनिटं काय बोलतात इथे?"

बाईंनी बिल बघितलं, माझ्याकडे बघितलं. चेहरा मिटला. "पेशंटबद्दल मी काही बोलू शकत नाही."

"मी नवरा आहे."

"नवऱ्याशीही नाही. तुम्ही त्यांना विचारा."

"मी पेशंटबद्दल विचारत नाही. नंबरबद्दल विचारतोय. नंबर गुप्त असतो का?"

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. मग मागच्या कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, पान उलटत गेल्या, आणि पुस्तक माझ्याकडे फिरवलं. "हे सगळ्यांसाठी असतं," म्हणाल्या. "बिलात पूर्ण मजकूर मावत नाही. आम्ही आखूड करून छापतो." आणि उठून आतल्या खोलीत गेल्या. दार ओढून घेतलं.

क्रमांक चौतीस. जर्मन वाक्य लांब होतं, क्रियापद सापडेना. मी बोट ठेवून वाचलं. आजाराचा पेशंटच्या जगण्यावर होणारा परिणाम, यावरील चर्चा, किमान वीस मिनिटं. स्वल्पविराम. आयुष्य कायमचं बदलून टाकणाऱ्या किंवा जिवाला धोका असलेल्या आजाराचं निदान झाल्यावर, अथवा तो बराच बळावल्यावर.

पुन्हा वाचलं. सप्टेंबर: निदान झाल्यावर. नोव्हेंबर: बळावल्यावर.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा. विम्याचं ऑफिस त्या दिवशी बारापर्यंत होतं. वेळ भरपूर होता, तरी मी पायऱ्यांवरून धावलो. गावाभोवती झाडांमधून सायकलींचा रस्ता जातो, त्यावर बर्फाचा चुरा. वळणावर एक बाई कुत्रा घेऊन आडवी आली. मी डावा ब्रेक दाबला, माझ्या हाताने, माझ्या जोराने. इथे डावा ब्रेक पुढच्या चाकाचा. चाक जागच्या जागी थांबलं आणि मी हँडलवरून पुढे गेलो.

करंगळीने थांबेल इतका सैल. अजून, शिरीष. अजून.

बाई विचारत होत्या, लागलं का. मी बर्फात बसून माझ्या डाव्या हाताची मूठ उघडत होतो, मिटत होतो. सोऱ्याचा दांडा डाव्या हाताने धरायचा आणि उजव्याने फिरवायचं की उलटं, ते मला आठवेना.


३० डिसेंबर. शिक्का.

"वेळेत आणलंत," काउंटरवरचा माणूस म्हणाला. "अगदी वेळेत."

"यावर पण मारा. दुसऱ्या प्रतीवर."

"लागत नाही."

"माझ्या बायकोला लागतो."

त्याने खांदे उडवले. शिक्का मारला.


३० डिसेंबर. घरी.

ती टेबलाशी बसून मटार सोलत होती, उजव्या हाताने. डावा मांडीवर.

"काय रे, पडलास?"

"तुझ्या सायकलवरून. ब्रेक फार सैल आहे."

"तूच केलास."

मी बूट काढले. वाटेत बरीच वाक्यं जमवली होती, त्यातलं एकही आत आलं नाही.

"बस," ती म्हणाली. "आता बोलू या का आपण? रेवतीचं होईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, पण मला आता जमत नाही रे. तुलाही जमत नसणार."

"कशाबद्दल?"

"शिरीष. पाकिटांना सोल्युशनचा वास येतो."

मी अंगठा मुठीत लपवला.

"पहिल्याच पाकिटाला आला होता. राग आला मला. मग सप्टेंबरात डॉक्टरांनी सांगितलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. हातापायांतली ताकद हळूहळू जाणार. घरी कसं सांगू याचाच विचार करत चालत आले. तुला सांगितलं असतं तर रविवारी आईंना कळलं असतं, आणि सोमवारी कुरुंदवाडला. थोरलीला आहे म्हणजे धाकटीलाही असणार. मोडलंच असतं रेवतीचं. डॉक्टरांच्या बाई म्हणाल्या, बिल इथेच हातात देतो, घरी नको जायला. मी म्हटलं, नाही, घरीच पाठवा. पोस्टाने." तिने एक शेंग उचलली, ठेवली. "सांगायचं धाडस नव्हतं. तू वाचतोस हे माहीत होतं. म्हटलं, वाचू दे, चौतीस नंबर कशाचा ते शोधेलच. मी सांगितलं नाही आणि त्याला कळलं, असं होईल."

फ्रिज घरघरत होता.

"आणि तू वाचलंस. आणि आईंना एक शब्द बोलला नाहीस. मला वाटलं नव्हतं तुला जमेल. त्याच्या आधीसुद्धा, माझा हात चालेना तेव्हा ब्रेक सैल करून दिलास, का म्हणून विचारलं नाहीस. महाराणी म्हणालास. चकल्या पाडून दिल्यास. मी म्हटलं, विमावाले प्रश्न विचारतात, तर म्हणालास, तू काय म्हातारी आहेस का. किती धीर आला मला. त्या दिवशी आईंना म्हणालास, झोपलीय..." ती थांबली. "मी डॉक्टरांना सांगायचे, माझा नवरा सगळं जाणून गप्प आहे. ते म्हणाले, एकदा घेऊन या, बघू तरी असा माणूस."

माझ्या समोर एक माणूस उभा होता, गेले चार महिने या घरात राहिलेला. तिने एकटीने बनवलेला. मी त्याच्यावर जितका जळलो तितका डॉक्टरवरही जळलो नव्हतो.

"पोच आणलीस का रे?" तिने डोळे पुसले. "फाइलला लावून टाकते."

हरवली म्हणता आलं असतं. पडलो होतो, बर्फ होता, खिसा फाटला होता खरोखरच. ती मानली असती. तो माणूस तसाच टेबलाशी बसून राहिला असता, आणि मी आयुष्यभर त्याचे कपडे घातले असते.

मी खिशात हात घालून कागद काढला. भिजला होता, शिक्का फुटला नव्हता.

तिने वाचला. मग पुन्हा वाचला, जसं मी पुस्तक वाचलं होतं, बोट ठेवून.

"तीस."

"हो."

"आज."

"हो."

"बारा दिवस कुठे होता?"

"दुकानात. ट्यूबच्या खोक्यात."

"का?"

"तो डॉक्टर." मला त्याचं नाव घेता येईना. "मला वाटलं, तू आणि तो."

ती माझ्याकडे बघत होती. पूर्वीची ती नजर नव्हती. त्या नजरेचा अर्थ मला कळायला लागला आणि ती गेली.

"मग बिलात तू वाचलंस काय, शिरीष?"

"वीस मिनिटं."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने कागद टेबलावर ठेवून उजव्या हाताने सपाट केला. कोपरे वळत होते, पुन्हा केला. बराच वेळ ती तेच करत राहिली. मटाराचे दाणे घरंगळून एकेक करून खाली पडले, कोणी उचलले नाहीत.

"चहा ठेव," शेवटी म्हणाली. "किटली माझ्याच्याने उचलत नाही."

ते तिने मला पहिल्यांदा सांगितलं.


१४ जानेवारी. क्रमांक ४.

या पाकिटावर माझंही नाव टाकावं असं तिने दवाखान्यात सांगितलं होतं. मी ते तिच्यासमोर उघडलं, सुरीने.

चौदा तारखेला आम्ही दोघं गेलो होतो, तेव्हा डॉक्टर फाल्क जवळून बघितला. बेकरीतून दिसला त्यापेक्षा म्हातारा, तोंडात खोकल्याची गोळी. माझ्याशी हळू जर्मनमध्ये बोलला, एकेक शब्द सोडवून. मी मध्ये मध्ये बोलत होतो. वैजयंतीने दोनदा माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला माफ करायला तिला त्या भेटीहून पुष्कळ जास्त काळ लागला, आणि झालं की नाही हे मी अजून विचारलेलं नाही.

आईला मी मार्चमध्ये सांगितलं. रेवती कुरुंदवाडला नांदायला लागली होती. सगळे रविवार ते माझ्या पोटात राहिलं.

पंधरा वर्षं होत आली. फाल्क निवृत्त झाला, गावाकडे राहतो, नाताळला त्याचं कार्ड येतं, हिरव्या शाईत. वैजयंती काठी घेऊन चालते, वाईट दिवशी खुर्ची. सोऱ्या मी फिरवतो. आणि मी अजूनही त्याच्यावर जळतो. चोवीस सप्टेंबरला बाहेर पाऊस पडत असताना ती ज्या खुर्चीत बसली होती तिच्या समोर तो होता. ती वीस मिनिटं त्याची आहेत, ती मला कोणी देऊ शकत नाही.

ते जानेवारीचं बिल माझ्याकडे आहे. क्रमांक ४, पेशंटच्या जवळच्या व्यक्तीला माहिती आणि मार्गदर्शन. सवयीने मी ओळीच्या शेवटी मिनिटं शोधली. नव्हती. पुढच्या वेळी गेलो तेव्हा फ्राउ टेरहारना जाड पुस्तक मागितलं, पूर्ण मजकूर वाचला, स्वल्पविरामांसकट.

चार नंबरला मिनिटांची अट नसते.